बऱ्या होण्याचं जेवण

दादांचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या भाजीबाजारात भरताची वांगी निवडत होते. "शालूबाई, सिंधू गेली," एवढंच ते बोलले. दुपारी जेवून पलंगावर आडव्या झाल्या, चहाच्या वेळेला हाक मारली तर उठल्याच नाहीत. नंतरचे काही दिवस आर्वीच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. त्यातले जवळचे लोक मला ओसरीच्या कोपऱ्यात नेत आणि आवाज खाली करून विचारत, "म्हणजे... तसं तर काही नाही ना?" 'तसं' म्हणजे कसं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी प्रत्येकाला चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं, "नाही हो, हृदय थांबलं. झोपेत!" सांगताना मला जवळजवळ अभिमान वाटत होता. सुतकाच्या घरात हे शोभत नाही, कळत होतं. पण आम्ही सगळे अर्धं आयुष्य ज्या एका बातमीला भिऊन होतो, ती शेवटपर्यंत आली नाही. बाई आपल्या आजाराला पुरून उरल्या आणि सत्तरी ओलांडून चारचौघींसारख्या गेल्या. हे त्यांचं कर्तृत्व आहे आणि ते कुणीतरी मांडायला हवं, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाई म्हणजे सिंधू, माझ्या थोरल्या जाऊबाई, आणि दादा त्यांचे यजमान. जावाजावांचं काय असतं ते वाचकांना सांगायला नको. मी लग्न होऊन आले ती विज्ञानाची पदवी आणि शाळेतली नोकरी घेऊन, आणि पहिल्याच उन्हाळ्यात बाईंनी मला परातीपुढे बसवलं. आमच्याकडे आमरसाबरोबर लांब रोटी लागते. सैल भिजवलेली कणीक परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. बाईंची रोटी मडक्यावर ओढणीसारखी उतरायची. माझी पहिली रोटी मडक्यावर कमी आणि माझ्या पदरावर जास्त पडली. बाईंनी ती सोडवत विचारलं, "काऊन वं शालू, तुह्या पुस्तकात कणकीचा धडा नाई का?" त्या दिवसापासून आमचं जमलं. त्यांच्या जिभेला धार होती आणि हाताला चव, आणि दोन्ही एकाच वेळी चालायचं.

आणि मग अधूनमधून बाई 'बसायच्या'. घरातला शब्दच तो. "बाई बसल्या" म्हणजे मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, केस न विंचरता, कुणाशी न बोलता, आठवडेच्या आठवडे. जेवायला वाढलं तर दोन घास, नाही वाढलं तर तेही नाही. दादा एसटीच्या आर्वी आगारात मेकॅनिक होते. जगातल्या सगळ्या बिघाडांचा त्यांनी एसटीच्या भाषेत अर्थ लावलेला होता, पण या बिघाडापुढे ते पाना खाली ठेवून गप्प बसत. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी बाई उठायच्या, घर सावरायच्या, पण पूर्वीची धार परत यायची नाही. मध्ये कुणीतरी एका महाराजांकडे नेलं. त्यांनी मुळासकट बरं करण्याची हमी दिली आणि लिंबं दिली. लिंबांचं बाईंनी लोणचं घातलं. पुढे त्यांच्या पुण्याच्या मुलीने, मंजूने, मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. ते रोज सकाळी विचारायचं, आज कसं वाटतंय, चेहरा निवडा. पडलेला चेहरा, सरळ चेहरा, हसरा चेहरा. बाई रोज हसरा निवडायच्या. मंजू तिकडे खूश. मी एकदा विचारलं, "बाई, खरंच बरं वाटतंय?" तर म्हणाल्या, "मले कायचं बरं वाटते! पण ते बिचारं रोज इचारते. त्याले काऊन नाराज करायचं?"

चुंबकाच्या उपचाराचं मी वाचलं ते बाई सर्वांत जास्त काळ बसल्या होत्या त्या वर्षी. गोळ्यांना ज्यांचं औदासीन्य दाद देत नाही, अशांच्या डोक्याला बाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचे. भूल नाही, चिरफाड नाही, आणि हे यंत्र आता आपल्या वर्ध्यात आलेलं! मी तडक आर्वी गाठली आणि बाईंना वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या, मंजूपेक्षाही लहान. त्यांनी नीट सांगितलं की बऱ्याच जणांना गुण येतो, काहींना येत नाही, आलेला गुण काही जणांचा ओसरतोही, आणि गोळ्या चालूच ठेवायच्या. मी शिरेतून द्यायच्या नव्या औषधाचंही विचारलं, कारण मंजूने त्याचं नाव काढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बाईंचे रक्तदाबाचे कागद पाहून मान हलवली, ते तुमच्यासाठी नको. आम्ही सगळं ऐकलं आणि घरी येताना एवढंच बरोबर आणलं की गुण येतो.

मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, तेव्हा बाई माझ्याकडेच राहायला आल्या. सोमवार ते शुक्रवार रोज दवाखाना, शनिवारी आर्वीची बस. यंत्राजवळ धातू चालत नाही म्हणून पहिल्या दिवशी कानातलं काढायचं ठरलं तेव्हा मोठाच प्रसंग उभा राहिला, कारण बाईंनी कुड्या लग्नानंतर कधी उतरवल्या नव्हत्या. शेवटी साबण लावून निघाल्या. खुर्चीत बसवून डोक्याच्या डाव्या बाजूला ते यंत्र टेकवलं, कानात बोळे घातले, आणि टक टक टक टक... सुतारपक्षी बसल्यासारखं. दादांना एकदा आत येऊ दिलं. त्यांनी आवाज कान देऊन ऐकला आणि गंभीरपणे विचारलं, "प्लग साफ करून राह्यले का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तसंच समजा काका." आर्वीत मात्र गल्लीभर झालं होतं की सिंधूकाकूच्या डोक्याला लोहचुंबक लावतात, आणि शनिवारी बाई घरी गेल्या की एक-दोघी हळूच पाहायच्या, चमचे वगैरे चिकटतात का.

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मी रोज त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, त्या रोज भिंतीकडे. आणि एका सकाळी मी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते, तर मागून आवाज आला, "मोहरी तडतडू दे वं आंधी. येवढी कायची घाई हाये, शाळा तं सुटली तुही!" मी वळलेच नाही. फोडणी जळली तरी तशीच उभी राहून रडले. टोमणा खाऊन इतका आनंद झालेली जाऊ वर्धा जिल्ह्यात दुसरी नसेल.

उपचार संपले तेव्हा आंब्याचे दिवस होते. बाई घरी गेल्या आणि म्हणाल्या, जेवण घालायचं. आपल्याकडे नवस फिटला की जेवण, मूल पास झालं की जेवण, मग एवढं मोठं दुखणं गेलं त्याचं नको? गल्ली, आगारातले जुने लोक, माझ्या शाळेतल्या दोघी, सगळ्यांना सांगावा गेला. बाईंनी स्वतः परात घेतली. तासन्‌तास उभ्या राहून त्यांनी रोट्या टाकल्या, आणि वाढताना दादा प्रत्येकाला सांगत होते, "पोटभर जेवा, सिंधूच्या बऱ्या होण्याचं जेवण हाये!" लोक जेवले, आशीर्वाद देऊन गेले. इतकं सुंदर जेवण मी नंतर खाल्लं नाही. आणि आमची चूक झाली ती तिथेच, त्या पंगतीत.

दिवाळीला गेले तेव्हा बाई फार हसत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याशी हसत होत्या, अनारसा फसला तरी हसत होत्या, आणि मला टोमणा एकही नाही. मला तो मोबाइलमधला चेहरा आठवला. मागच्या दारी गाठून विचारलं. म्हणाल्या, "पोळ्याच्या सणापासून परत आलं वं ते... पण लोकायनं जेवून घेतलं ना माह्या बऱ्या होण्याचं. आता कोणत्या तोंडानं बिमार पडू?" गोळ्या तर त्यांनी जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी बंद केल्या होत्या. बरं झालेल्या माणसाने गोळ्या घेतल्या तर जेवण खोटं ठरतं, असा त्यांचा हिशेब. गल्लीने खाल्लेल्या रोट्यांची लाज राखायला ही बाई महिनोन्‌महिने एकटी झुंजत होती. त्या झुंजीत त्या कुठवर पोचल्या होत्या ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही... पण मी खरोखर घाबरले.

वर्ध्याला परत यायला त्या तयार नव्हत्या. मी नाना तऱ्हांनी समजावलं, मडकं तडकलं म्हणून कुणी रोट्या करणं सोडतं का, असलंही काही बोलले. "मी काय मडकं हाये वं?" त्या म्हणाल्या. "शाळा बंद कर तुही." मग दादा, जे इतकी वर्षं या विषयावर गप्प होते, उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "सांगून देऊ लोकायले, गाडी परत वर्कशॉपले आली. यष्टी काय एकदाच खोलतात?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी यष्टी?" "नाई," दादा म्हणाले, "फरक हाये. यष्टी आयकते." बाईंच्या तोंडून हसू निसटलं, अगदी बारीक, पण त्या दिवाळीतलं पहिलं खरं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गोळ्या हळूहळू परत सुरू करू म्हणाल्या. बाईंनी सरळ विचारलं, "या खेपेले मुळापासून जाईल का?" त्या म्हणाल्या, "एकदा गुण आला आहे, तेव्हा परत येण्याची आशा चांगली आहे. पण किती टिकेल, ते मला माहीत नाही." मला ते उत्तर आवडलं नाही. बाहेर आल्यावर बाई मात्र कधी नव्हे त्या ताठ चालत होत्या. "शालू, येवढे डॉक्टर झाले, ते लिंबूवाले झाले, 'माहीत नाई' म्हणणारी ही पहिलीच. हिचं आयकाले हरकत नाई."

दुसऱ्या वेळी गुण आला, पण पहिल्यासारखा झगझगीत नाही. बाई त्याला 'पाऊण' म्हणायच्या. आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी पाऊणमध्ये मजेत काढली. मधून गोळ्या बदलल्या, अधूनमधून त्या बसल्या, पुन्हा खुर्चीत जाऊन आल्या. जाताना गल्लीला सांगून जायच्या, "ठोके खाऊन येतो." मी त्यांना नव्या नव्या उपचारांच्या बातम्या वाचून दाखवायची. डोळ्यांवर यंत्र बांधून आभासी जगात फिरवून आणणारे काय, अळिंबीतून काढलेली औषधं काय. बाई मन लावून ऐकायच्या. "नवं हाये तं पाहू. फक्त जो पूर्ण बरं करतो म्हणन, त्याच्या दारात मले नेऊ नोको." आणि कुणी शहाण्याने, यंत्रं-बिंत्रं कशाला, मन खंबीर करा, असं सांगितलं की त्याला ऐकवायच्या, "ज्यानं खंबीर करायचं तेच तं दुखून राह्यलं ना बाप्पा!"

बऱ्या होण्याचं जेवण मात्र त्यांनी पुन्हा घातलं नाही. त्याऐवजी, ज्या दिवशी हात चालतील त्या दिवशी मडकं चुलीवर चढायचं आणि जो भेटेल त्याला हाक जायची. कशाचं जेवण, असं विचारायचं नाही, असा दंडक होता. विचारलंच तर म्हणायच्या, "कशाचं कायले पाह्यजे? भूक हाये ना?"

मागच्या आठवड्यात दादांचा फोन आला. "शालूबाई, खिचडी टाकली हाये. येजा." मी बसने पोचले तेव्हा ओसरीवर शेजारपाजारची पाच-सात माणसं बसलेली आणि दादा पातेल्यातून खिचडी वाढत होते. खाली लागली होती, मीठ बहुधा दोनदा पडलं होतं. कुणीही कशाचं जेवण ते विचारलं नाही. सगळे मुकाट्याने जेवले, दादांनी आग्रह केला तर परत घेतलीसुद्धा. आंचवायला मागे गेले तर पलीकडच्या घरातली कांता माझ्यामागे आली. तिचा नवरा पावसाळ्यापासून खाटेवरून उठत नाही, हे मला तिथेच कळलं. "शालूकाकू," ती म्हणाली, "सिंधूकाकू जात होत्या तो दवाखाना... त्यानं बरे होतील का हे?"

"पुष्कळांना गुण येतो," मी म्हटलं. "यांना येईल का, आणि आला तर किती टिकेल, ते मला माहीत नाही गं."

कांताने खांद्यावरच्या पदराने हात पुसले, आपल्या घराकडे पाहिलं. "सिंधूकाकूनं बी असंच सांगतलं होतं," ती म्हणाली. "तवा मी म्हणलं, माहीतच नाई तं कायले जाऊ? ... आता तुमी बी तेच सांगून राह्यल्या. जातो."

उद्या सकाळच्या गाडीने ती दोघं वर्ध्याला येत आहेत. मी बसस्थानकावर जाणार आहे. वाटेसाठी डबा दादा देणार आहेत असं कळलंय, आणि मी कांताला सांगून ठेवलंय की काहीही असलं तरी संपवायचा.