आईच्या संजेची भिंत

आमच्या जुन्या घराची बाहेरची भिंत आईने कधी ऑइलपेंट करू दिली नाही. मी दर दिवाळीला विचारायचो आणि ती दर दिवाळीला म्हणायची, "चुनाच राहू दे. तुझ्या त्या चकचकीत रंगावर शेण धरत नाही."

पितृपक्ष लागला की त्या भिंतीवर संजा मांडली जायची. ही माळव्यातली रीत, आमच्या मराठी घरातली नव्हे. आई शाळेत शिकवायला लागली तेव्हा तिथल्या मुलींकडून शिकली आणि आमच्या गल्लीत घेऊन आली. संध्याकाळी मुली जमायच्या. भिंतीवर शेणाचा चौकोन सारवायचा, त्यावर त्या तिथीची आकृती शेणानेच काढायची, पाकळ्यांनी सजवायची आणि गाणी म्हणायची. अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा-म्हातारी. दुसऱ्या दिवशी ते खरवडून टोपलीत ठेवायचं आणि नवीन काढायचं. शेवटी मोठा किल्लाकोट, म्हणजे तटाच्या आत सगळ्या आकृत्या, आणि मग सगळंच पाण्यात.

आईच्या किल्लाकोटात पालखीच्या शेजारी तिची मोपेड असायची. पाणी कमी पडलं त्या वर्षी टँकर होता आणि त्याच्यामागे बादल्या घेतलेल्या बायकांची रांग. शेजारच्या काकूंनी विचारलं, "माझं नाक एवढं मोठं आहे का हो?"

"रांगेत पुढे घुसताना दिसतं तेवढंच काढलंय," आई म्हणाली. काकू दुसऱ्या दिवशी झेंडूची टोपली घेऊन आल्या.

शेण आणायचं काम माझं. किती लागतं, पाणी किती घालायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. चौकोनही मीच सारवून द्यायचो, कडा सरळ. पुढचं काम मुलींचं, असं गल्लीत सगळेच धरून चालत. आईला मात्र तसं वाटत नसे. "बस की, एक डोकरा तू काढ," ती म्हणायची. मी सायकल काढून निघून जायचो.

वडील गेल्यावरही ती तिथेच एकटी राहिली. मी सांवेर रोडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो आणि राहतो राऊला. शहराच्या एका टोकाला नोकरी, दुसऱ्या टोकाला घर आणि मधे आई. म्हातारपणीही ती विजेचं बिलसुद्धा स्वतः जाऊन भरायची.

गेल्या वर्षी ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला राऊला आणलं. वॉकर घेऊन ती हॉलमध्ये फेऱ्या मारायची. पितृपक्ष जवळ आला तशी तिची चुळबुळ वाढली.

"एक वर्ष खंड पडला की पुन्हा कोण सुरू करणार?"

"आई, गल्लीत मुली तरी कुठे राहिल्यात?" हे खरं होतं. निम्म्या घरांची कोचिंगवाल्यांसाठी हॉस्टेलं झाली होती.

"मग हॉस्टेलात कोण राहतं?" ती म्हणाली.

एका संध्याकाळी घरी आलो तर बायको दारातच उभी. "अहो, आई जुन्या घरी गेल्यात. स्वतः रिक्षा बोलावली. म्हणाल्या, त्याला आधी सांगू नकोस, तो फायदे-तोटे मांडत बसेल."

मी तसाच उलटा निघालो. आई भिंतीसमोर खुर्चीवर बसली होती. हॉस्टेलच्या चार-पाच मुली, ट्रॅकपँट घातलेल्या, कोपरापर्यंत शेणात. सांवेरकडच्या गावांतल्या होत्या, घरी संजा केलेल्या. नवमी होती.

एक म्हणाली, "दादीजी, हमारे गाँव में डोकरी के हाथ में लकड़ी देते हैं."

"मेरी डोकरी को मत दो," आई म्हणाली. "वो अपने आप चलती है."

मुलींनी वॉकरकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मग आईच हसली.

मला बघून म्हणाली, "आलास? शेण कमी पडलंय." मी ऑफिसच्या बुटांनिशी गोठ्याकडे गेलो.

किल्लाकोट होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मुली आळीपाळीने तिच्याजवळ झोपायला आल्या. खंड पडला नाही. त्या हिवाळ्यात आई गेली.

यंदा नवमीला मी त्या भिंतीपाशी गेलो. मागच्या मुली परीक्षा देऊन आपापल्या गावी परतल्या होत्या, नव्या कुणाला आई माहीत नव्हती. बायको म्हणाली होती, मोबाईलवर सगळ्या आकृत्या मिळतात. मिळतात. मी पाहिल्या. बहुतेकींत डोकरीच्या हातात काठी आहे. आईच्या डोकरीच्या हातात काठी नव्हती, एवढं मला माहीत आहे. मग काय होतं? काहीतरी दिलं होतं, कारण मुली बघून टाळ्या वाजवत होत्या. मी तेव्हा दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पण ट्रॅफिक वाढायच्या आत तिला राऊला कसं न्यायचं, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं. फोटो कुणी काढला असेल तर तो माझ्याकडे नाही.

मी शेण आणलं, कालवलं, चौकोन सारवला. कडा सरळ आल्या. मग बोटं शेणात बुडवून उभा राहिलो.

हॉस्टेलच्या पायरीवरून एका मुलीने विचारलं, "अंकल, यहाँ क्या बनेगा?"

"डोकरी," मी म्हणालो.

ती थोडा वेळ थांबली. मग तिला आतून जेवायची हाक आली. अंधार पडल्यावर मी नळावर हात धुतले आणि राऊला आलो. कोरा चौकोन वाळला असेल.