ज्या मशीनला कुंकू दिसत नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी इकडे हिंदी मुलखात, गोरखपुरात, किराण्याचं दुकान हयातभर चालवलं, आणि कोणत्या पोत्यात काय आहे हे मी काळ्या रेघांना विचारायला गेलो नाही. धने नाकाशी नेले की नवे का जुने ते कळायचं. आता साबणाच्या वडीवरही बारकोड असते, आणि काउंटरवरची पोरगी ती वडी हातात धरून हे काय आहे ते मशीनला विचारते. वडीवर नाव छापलेलं असते. तिला वाचता येते. पण नाही.

हे वेड आमच्या घरात सूनबाईने आणलं. तिचा वऱ्हाडी काळा मसाला ओळखीपाळखीत खपायचा. सदर बाजारातल्या एका मोठ्या दुकानाने तो ठेवायचं कबूल केलं, पण अट घातली की बारकोड पाहिजे. तिने मला समजावलं: पाकिटावर बारीक रेघांचा, खाली तेरा आकडेवाला, पाकिटं ज्या खोक्यात भरायची त्यावर जाड रेघांचा, गोदामवाल्यांसाठी, आणि भाजीवाल्याच्या ठेल्यावर लटकलेला चौकोन तो तिसराच, वारूळ फुटून मुंग्या पसरल्यासारखा. म्हणे त्यात जास्त माहिती मावते. मी म्हटलं, भाजीवाल्याजवळ अशी कोणती माहिती साठून राहिली? ती हसली नाही. पहिली खेप परत आली तर फळीवरची जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि त्या जागेसाठी तिने त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

आमच्या घरची रीत अशी की विकायला निघालेला पहिला माल कुंकू लागल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. त्या सकाळी ती ऑटो पाहायला गेली आणि मी कुंकू कालवून बसलो. पाकीट सगळं चकचकीत. त्यावर कुंकू धरेना, ओघळून जाई. कागदी जागा एकच, ती रेघांची. तिथे छान बसलं. एकेका पाकिटावर बोट टेकवलं आणि खोकी माझ्या हाताने बंद केली.

सोबत मीही गेलो. मला न्यायचं तिच्या मनात नव्हतं, पण ती खोकी चढवेपर्यंत मी ऑटोत बसलो होतो.

दुकानात मॅनेजरने खोकं उघडलं आणि पाकिटावर लाल उजेडाची बंदूक धरली. आवाज नाही. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग नखाने कुंकू खरवडून म्हणाला, "चाचाजी, इसकी लाइट लाल है. लाल रंग इसको सफेद जैसा दिखता है. काली लाइन पे लाल लगा दिया, तो लाइन ही गायब."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला म्हटलं, खाली आकडे आहेत, दाबा हाताने. त्याने एका पाकिटाचे दाबून पाहिले. मसाल्याचं नाव बरोबर उठलं. तरी म्हणे चालणार नाही, गर्दीत हे कोण करत बसेल. गळ्यात टाय, आणि तेरा आकडे दाबायचा आळस. ज्या डोळ्याला कुंकू दिसत नाही, तो म्हणे आमचा माल पारखणार. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. अजून काही सांगितलं असतं, पण सूनबाईने मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं आणि एकटी आत जाऊन संध्याकाळपर्यंतची मुदत मागून आली.

खोकी परत घरी आणली. बारकोडचा अर्धा रोल उरला होता. दुपारभर ती जुन्या चिठ्ठ्यांवर नव्या चिकटवून राहिली होती. मी हात लावला नाही. मला कोणी म्हटलंही नाही. चहा तेवढा केला. तो तिने घेतला, पण तोंड भिंतीकडे करून.

संध्याकाळी ती एकटीच गेली. परत आली ती चप्पल न काढताच दारातून म्हणाली, "बाबा, फळी मिळाली. सगळ्यात खालची आहे, पण मिळाली."

"बरं झालं."

"पुढच्या वेळी कुंकू खोक्याच्या आतून लावा."

"आतून काहून? कुंकू काय लपवायची गोष्ट आहे?"

"मग मसाला कुटायच्या मशीनला लावा जी. पाकिटाला बोट लावायचं नाही."

म्हणजे कुंकू लावायचं तेही मशीनलाच. विकायला माल जाते, मशीन तर घरीच राहते. मग तिला कशाचं कुंकू? पण हे सगळं तिला सांगत बसलो नाही, ती दमली होती. विचार करतो, इतकंच म्हटलं.

पुढची खेप गुरुवारी निघायची आहे. रोज सकाळी ती विचारते. मी अजून हो म्हटलेलं नाही.