तेल लावलेल्या सळया

परंड्याकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात आम्ही बायका कोसभरावरनं पाणी आणायचो. नवं राज्य आलं आणि गावाला विहीर मंजूर झाली, पण खडकात उगं कुठंही खणायला नको म्हणून सरकारनं जागा बघायला एक साहेब धाडले. त्यांच्याकडं काट्याचं मीटर असलेली पेटी, बॅटरी आणि चार लोखंडी सळया. सळया जमिनीत ठोकायच्या, तारांनी पेटीला जोडायच्या, वीज सोडायची. काटा कुठं थांबतो त्यावरनं खाली ओल आहे का कोरडा खडक, ते कळायचं.

दुपार झाली तरी काटा थांबेना. साहेबांनी तारा बदलल्या, सळया हलवल्या, बुडाशी आम्हीच आणलेलं पाणी ओतलं. शेवटी म्हणाले, उद्या मला दुसऱ्या गावाला जायचंय, तुमचा नंबर आता पुढल्या वर्षी. आणखी एक उन्हाळा डोक्यावर घागरी!

उपटलेल्या एका सळईवर पाणी सांडलं, तर थेंब घरंगळून गेले. तेव्हा ध्यानात आलं. सकाळी साहेब चहा घेत होते तेवढ्यात आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चारी सळयांना तेल-शेंदूर चोपडला होता. पाणी दाखवणारी वस्तू, पूजेबिगर जमिनीत कशी घालायची? साहेबांना वरचा टिळा दिसला होता, पण तेल टोकापर्यंत गेलंय हे त्यांना कुठलं ठाऊक! घरी बॅटरीवरचा रेडिओ होता आमचा. तारेची टोकं मेणचटली की तो खरखरायचा, राखेनं घासली की साफ बोलायचा.

म्हटलं, "साहेब, सळया तेलकट हायत. घासून देऊ का?"

आत्याबाई मागनं म्हणाल्या, "देवाचं तेल पुसतीस व्हय गं?"

"देवाला पोचलं ते, आत्याबाई. आता विजेला वाट द्या."

साहेबांनी सळया माझ्याकडं दिल्या. मी चिंच आणि राख घेऊन बसले, काथ्यानं घासघासून लोखंड पांढरं केलं. मग सळया ठोकल्या, मिठाचं पाणी ओतलं. काटा हलला, डुलला आणि गप उभा राहिला. साहेबांनी तारा सोडून परत जोडल्या. पुन्हा तिथंच! दिवस मावळेपर्यंत मोजणी चालली आणि ओढ्याकडंला चुन्याची फुली पडली.

तिथं विहीर खणली, तर सात परसांवर, म्हणजे सात पुरुष खोलीवर पाणी लागलं, गोड पाणी. पहिली घागर कुणी भरायची यावर बायकांत चर्चा सुरू झाली, तर आत्याबाईंनी घागर माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "सळया हिनं घासल्यात. व्हा बाजूला."