पान नसलेलं झाड

आरमोरीपलीकडच्या टेकडीवर चैत्राच्या उन्हात ते झाड पाहिलं. अंगावर पान एकही नाही, नुसती तळहाताएवढी पिवळीजर्द फुलं. माझ्या पुस्तकात झाड ओळखायची सुरुवातच पानापासून होती. मी चिडून पुस्तक मिटलं.

खाली मोहफुलं वेचून दमलेली एक म्हातारी खडकाच्या सावलीत आडवी झाली होती. तिला विचारलं, "बाई, त्या झाडाचं नाव काय?"

"नाव काऊन पायजे?" तिनं डोक्याखालची उशी काढून माझ्याकडे सरकवली. "डोस्कं ठेवून पाहा भाऊ. त्याच झाडाचा कापूस हाये."

बोंडं फुटली की आम्ही बाया तो कापूस गोळा करतो, असं काहीसं ती सांगत होती. कापूस रेशमासारखा होता. पिवळी फुलं आधी हलली, मग उन्हात विरघळली. मोहाच्या वासात तिचा आवाज लांब लांब जात राहिला.

जाग आली तेव्हा सावली कधीच सरकली होती. भरलेली टोपली शेजारी ठेवून ती उशीसाठी खोळंबली होती.

"गणेर," उशी झटकत ती म्हणाली. "आता नाई विसरणार तुमी."