खोल

"साईरामच्या आणि माझ्या घरांमध्ये एक भिंत आहे, म्हणून दोघंही जिवंत आहोत," असं राजगोपाल एकदा म्हणाला होता.

ते खोटं नव्हतं. तंजावरच्या वीजखात्यात जन्म काढलेला हा माणूस तोंड उघडण्याआधी हात उचलायचा. लहानपणी त्याने धाकट्या भावाचा, साईरामचा, दात पितळी तांब्याने पाडला. मोठेपणी, सामाईक नारळाच्या झाडावरून भांडण होऊन, साईरामने त्याच्या खांद्यावर कोयता चालवला. दोघांची मराठी जुनी, तमिळ हेलाची, शेजाऱ्यांना न कळणारी. शिव्या तेवढ्या ते तमिळमध्ये द्यायचे, साऱ्या गल्लीला कळाव्यात म्हणून.

साईरामची बायको भागीरथी याला विटली. दोघांनी पर्वतमलैचा डोंगर चढून वरच्या देवासमोर हातात हात द्यावा, नाहीतर आपण पापनाशमला माहेरी निघालो, असं तिने बजावलं. भाऊ निघाले. पायथ्याच्या गावातला चिन्नसामी वाटाड्या म्हणून सोबत घेतला. निम्मा डोंगर चढेपर्यंत, बाप एकच असून, दोघांनी एकमेकांचा बाप काढला. एका वळणावर राजगोपालने भावाचा गळा धरला. चिन्नसामीने मध्ये काठी घालून सोडवलं, आणि तिथून पुढे त्याची नजर राजगोपालच्या हातांवरच राहिली.

वर साखळ्या धरून चढायचा कडा लागला. चिन्नसामी पुढे होता. साईरामचा पाय निसटला. राजगोपालने डाव्या हाताने साखळी धरली, उजव्याने भावाचा सदरा छातीशी पकडला आणि खाली पाहून ओरडला, "खोलाय! खोलाय!"

तमिळ कानाला ख नाही, क आहे. चिन्नसामीने ऐकलं ते 'कोलै'. कोलै म्हणजे खून. तो घसरतच खाली आला आणि त्या मुठीवर त्याने काठी हाणली. दुसऱ्या घावाला हाड वाजलं. राजगोपाल गुरासारखा ओरडला, पण मूठ सुटेना. पुढच्या घावाला बोटं उघडली. साईराम दगडांवर आपटत गेला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तेराव्याला चिन्नसामी आपणहून तंजावरला आला आणि जमलेल्या भाऊबंदांसमोर पाहिलं-ऐकलं ते सांगू लागला. मोठा भाऊ धाकट्याला ढकलत होता, तोंडाने कोलै, कोलै म्हणत होता. प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन राजगोपाल दाराशी बसला होता. वाटाड्याने काय ऐकलं ते त्याला आज कळत होतं. पोलिसांचं काय व्हायचं ते होवो, भागीरथीने आपल्याला खुनी म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"मी खोल म्हणालो," तो तिला म्हणाला. "दरी खोल आहे म्हणालो. धरलं होतं मी त्याला."

खोल म्हणजे काय ते भागीरथीने चिन्नसामीला तमिळमध्ये सांगितलं. तो आपल्या काठीकडे पाहत राहिला. मग उठून कपाळ खांबावर आपटू लागला. भाऊबंदांपैकी दोघांनी त्याला ओढून काढलं तेव्हा खांबावरून रक्ताचा ओघळ उतरत होता. बायका रडायच्या थांबल्या.

भागीरथीने तिकडे पाहिलंही नाही.

"शब्द मला कळला, भावोजी," ती म्हणाली. "पण ओरडलात ते तुम्ही, जन्मभर त्यांच्यावर हात उचललेले. मी तिथे असते, तर मीही काठीच हाणली असती."

राजगोपालने भिंतीचा आधार घेतला, उठला, आणि बाहेर पडला.