केतकीच्या बाल्कनीतल्या पऱ्या

घरात कापडी पिशव्या जशा आपोआप वाढतात, तसे आमच्या परी मंडळाचे किस्से वाढत गेलेत. एक काढायला जावं तर आतून आणखी चार निघतात. ऐकणारे हसतात, मीही हसते. पण आधीच कबूल करते, यातल्या जवळजवळ प्रत्येक किश्श्यात मी जळत होते. नुसती जळत नव्हते, धुमसत होते!

मंडळ म्हणजे आम्ही चौघं, बेंगळुरातल्या महादेवपुऱ्यात एकाच सोसायटीतली. मी वैशाली, नागपूरची. आयटीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका, आमच्या भाषेत बग, काढायचा पगार घेते. केतकी पुण्याची, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. तिच्या दारात आणि माझ्या दारात फक्त चार पावलांचा पॅसेज, आणि मागे बाल्कन्या शेजारी शेजारी. खालच्या मजल्यावरचा सुहास मुंबईचा. आणि शांताक्का, त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरातच आहे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं आणि रागावल्या की पाऊण.

सुरुवात केतकीने केली. तिने बाल्कनीतल्या गवती चहाच्या कुंडीला बोटभर उंचीचं लाकडी दार लावलं, समोर शिंपले मांडले आणि नेटवर वाचून रोज थोडा मध ठेवू लागली. "अगं, पऱ्यांना ॲक्चुअली बोलवायचं असतं, पकडायचं नसतं," असं तिने मला समजावलं. मी मनात म्हटलं, आली मोठी शहाणी!

शांताक्कांनी ते दार बघितलं आणि चष्मा वर केला. "हे तर आमच्या आसरांचंच की ग! पाण्याकाठच्या सात बहिणी. तू परी म्हण, आम्ही आसरा म्हणतो. मध बेडा, नको. दहीभात ठेव."

मग त्यांनी रीत सांगितली. दिवेलागणीला दहीभाताची वाटी ठेवायची, भातात मीठ घालायचं नाही. दार लोटून घ्यायचं, मागे वळून बघायचं नाही, काही मागायचं नाही. सकाळी वाटी रिकामी आणि पालथी दिसली की समजायचं, पाहुण्या जेवून गेल्या.

आम्ही चौघांनी एकाच संध्याकाळी वाट्या ठेवल्या. चौथ्या दिवशी केतकीची वाटी पालथी! ग्रुपवर फोटो, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. माझा भात कबुतरांनी खाल्ला आणि वाटी होती तशी सरळ ठेवून गेली.

मी ग्रुपवर लिहिलं, "वा! मस्तच!" ते दोन शब्द टाइप करायला मला दहा मिनिटं लागली.

*

सुहासचं प्रमोशन अडकलं होतं. काही मागायचं नाही हे त्याला सांगून झालं होतं, पण ऐकेल तो सुहास कसला! त्याने वाटीखाली कागद ठेवला. छापील, मार्जिन वगैरे सोडून. "आदरणीय पऱ्या टीम, खालील विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो."

आठवड्याने दुसरा कागद. वर ठळक अक्षरांत, "जेंटल रिमाइंडर".

पंधरा दिवसांनी तिसरा. त्यात त्याने गणपतीला सीसीत ठेवलं होतं!

"अरे, गणपतीला कशाला?" मी विचारलं.

"वरचा माणूस सीसीत असल्याशिवाय कुणी हलत नाही, वैशाली."

शांताक्कांनी तिन्ही कागद वाचून काढले. "पाहुण्यांना जेवायला बोलावून कामाला लावतोस काय रे? थू!" असं म्हणून त्या तडक निघून गेल्या.

आणि दुसऱ्याच सकाळी सुहासची वाटी पालथी निघाली! सुहासची! ज्याने आसरांना रिमाइंडर पाठवला त्याची! मी दोन दिवस धड जेवले नाही. प्रसाद, म्हणजे माझा नवरा, विचारत राहिला की ऑफिसात काही झालं का. तिसऱ्या दिवशी कळलं, की सुहासकडे कामाला येणाऱ्या बाईंनी ती वाटी घासून बाल्कनीतच निथळत ठेवली होती.

त्या दिवशी मी शिरा केला.

*

आमच्या मागच्या तळ्यावर एका करंजाखाली सात दगड आहेत, हळदी-कुंकवाने माखलेले. शांताक्का एका शुक्रवारी सकाळी आम्हाला तिथे घेऊन गेल्या. मुद्दाम साडी नेसून या, म्हणाल्या होत्या. माझी साडी म्हणजे अकरा पिनांचा कारभार. खांद्यावर तीन, निऱ्यांना दोन, बाकीच्या कुठे कुठे ते मलाच माहीत.

तळ्याशी पोचल्यावर शांताक्का म्हणाल्या, "किल्ल्या, पिना, लोखंडाचं असेल ते सगळं त्या कट्ट्यावर काढून ठेवा. त्यांना लोखंड चालत नाही."

केतकी आपली उभीच. तिने साडी बिनपिनेची, चापूनचोपून नेसली होती. जणू तिला कुणी आधी सांगून ठेवलं होतं! मी एकेक पिन काढत गेले तसा एकेक भाग सुटत गेला. शेवटी डाव्या हातात निऱ्या आणि उजव्या हातात पदर धरून मी त्या सात दगडांपुढे उभी राहिले. नमस्काराला हातच उरला नव्हता.

केतकीने डोळे मिटले, वाकली, खण आणि हिरव्या बांगड्या ठेवल्या. तिच्या केसांवर करंजाचं एक फूल पडलं. एकच, आणि नेमकं तिच्याच!

"ए नागपूर!" शांताक्का मला म्हणाल्या, "नमस्कार तिकडं आणि डोळे हिकडं?"

"मी कुठे बघून राहिली, अक्का?"

"आत्ता पण तिच्याकडंच बघतेस. स्वल्प ऐक माझं. त्या सात जणी एका पंगतीत जेवतात. दुसरीच्या ताटात बघणारीच्या घरी त्या पाणी पण पीत नाहीत."

सुहास हसला. केतकी हसली नाही, उलट माझ्या निऱ्या धरायला पुढे आली. याचा मला जास्तच राग आला.

*

मग मी ठरवलं, हे प्रकरण पद्धतशीर हाताळायचं. टेस्टिंगचा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या दिवशी केतकीसारखी वाटी आणली. दुसऱ्या दिवशी तिच्याच दूधवाल्याच्या दुधाचं दही लावलं. तिसऱ्या दिवशी तिच्याच कुकरमधला भात मागून आणला. चौथ्या दिवशी तिलाच बोलावलं आणि म्हटलं, "घे, तूच ठेव तुझ्या हाताने."

ठेवला बिचारीने. चप्पल काढून, पदर घेऊन, मनापासून.

पाचव्या दिवशी सकाळी भात तसाच, वर साय धरलेली. सहा फुटांवर, तिच्या बाल्कनीत वाटी पालथी.

प्रसाद दात घासता घासता बाल्कनीत आला, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "भात तोच, दही तेच, हात पण तिचाच. मग बग कुठे आहे हे तूच बघ आता."

त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

*

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं हो. पण मला इरा आहे.

इरा माझी मुलगी, सात वर्षांची. रोज सकाळी पावणेसातला ती युनिफॉर्म घालून, एक मोजा हातात घेऊन समोर पळते. केतकी दार उघडून उभीच असते. मग आतून इराची किंकाळी येते, "आल्या होत्या! आल्या होत्या!" थोड्या वेळाने ती परत येते तेव्हा तिची वेणी घातलेली असते. मी घालते त्याहून चांगली.

स्कूल व्हॅनमध्ये ती सगळ्यांना केतकी मावशीच्या पऱ्यांबद्दल सांगते. शाळेत "माझं घर" म्हणून चित्र काढायला सांगितलं होतं. तिने केतकीची बाल्कनी काढली. लाकडी दार, शिंपले, सगळं. बाईंनी त्याला स्टार दिला आणि मी ते फ्रिजवर लावलं, कारण का लावलं नाही हे तिला काय सांगू?

एकदा तिने मला विचारलं, "आई, आपल्याकडे का नाही येत? तू ओरडतेस म्हणून?"

मी म्हटलं, "मी कुठे ओरडते?"

पण ते मी ओरडूनच म्हटलं होतं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मला पऱ्या नको होत्या. एकदा, फक्त एकदा, तिने तसं किंचाळत माझ्याकडे यायला हवं होतं.

*

गेल्या महिन्यात केतकी चार दिवस पुण्याला गेली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "कुंड्यांना पाणी घाल. आणि संध्याकाळची वाटी तेवढी ठेवशील ना? प्लीज, खाडा नको व्हायला."

पहिल्या संध्याकाळी मी काय केलं ते आजवर मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. मी भातात मीठ घातलं. चिमूटभर नाही, चांगलं चमचाभर. वाटी ठेवली, दार लोटलं आणि मागे वळून बघितलंसुद्धा.

सकाळी वाटी भरलेली, सरळ. मला इतका आनंद झाला की काय सांगू! म्हटलं, बघा, तिच्याकडेही येत नाहीत!

मागून इरा आली. ती रडली वगैरे नाही. वाटीपाशी उकिडवी बसली. मग म्हणाली, "मावशी नाही म्हणून नाही आल्या? की आपण ठेवला म्हणून?"

मी व्हॅन येईल म्हणून तिला घाई केली.  ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप कॉलमध्ये मॅनेजर काय बोलला, एक अक्षर आठवत नाही.

संध्याकाळी मी हातपाय धुवून नवीन भात लावला. मीठ नाही. केतकीच्या बाल्कनीत वाटी ठेवून हात जोडले आणि म्हटलं, "माझ्या घरी नका येऊ, चालेल. इथे या. तिची वाटी आहे, माझी नाही. उद्या पोरगी बघायला येणार आहे हो."

सकाळी साडेसहाला एकटीच गेले. भात जसाच्या तसा.

पॅसेजमध्ये इराचे पाय वाजले. तिच्या चालीवरून कळलं की आज ती पळत नाहीये. मी खिशातून भाजीची पिशवी काढली, भात त्यात उलटा केला, पिशवी पाठीमागे धरली आणि वाटी फरशीवर पालथी घातली.

"आई! आई! आल्या होत्या! आपण ठेवला तरी आल्या होत्या!" ती माझ्या पायांना येऊन बिलगली. मी एका हातानेच तिला जवळ घेतलं, दुसऱ्या हातात भात होता.

"मावशीला फोन लाव ना! आत्ता!"

लावला. इरा स्पीकरवर ओरडली, "केतकी मावशी, पऱ्या आल्या होत्या! वाटी पालथी! भात सगळा संपला!"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

मग केतकी म्हणाली, "अरे वा, इरूबाळ! जरा आईला दे बरं."

मी स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"वैशाली," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "भात टाकून देऊ नकोस हं. मी रोज लोणचं कालवून डब्यात नेते."