केशरी वर हाय न्हवं?

पंधरा ऑगस्ट झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापडी पिशवी घेऊन राजारामपुरीच्या गल्ल्या धरते. झेंडे गोळा करायला. रिक्षांच्या चाकाखाली, क्लासच्या पायऱ्यांवर, गटारीच्या जाळीत, जिलेबीच्या रिकाम्या खोक्यांत. काल ज्यांनी छातीला लावले, त्यांनीच टाकलेले. गेल्या वर्षी एकजण झेंड्याने मोपेडची सीट पुसत होता. मी म्हटलं, "पावणं, फडकं पाहिजे तर माझ्या दुकानातनं न्या की, चिंध्याच चिंध्या हायत. ते द्या इकडं." दिला त्यानं. पण बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशा नजरेनं बघत बघत दिला.

माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, आमच्याच अपार्टमेंटच्या खाली. गोळा केलेले झेंडे मी तिथंच फळीवर, स्वच्छ खोक्यात ठेवते. कापडाचे असतील ते धुऊन, वाळवून, गच्चीवर एका बाजूला कुणी नसताना जाळते. फाटका झेंडा तसाच जाळायचा असतो, आख्खा, मान राखून. हे मला आप्पांनी शिकवलं. पण प्लॅस्टिकचं काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. प्लॅस्टिक मान राखून जळत नाही, नुसता घाण वास सुटतो. तीन खोकी साठलीत. कुणी घेत नाही, टाकवत नाही.

गिऱ्हाइकं कौतुक करतात. करू नका. मी काही देशभक्त वगैरे नाही. मी जे केलंय ते वाचा, मग काय ते म्हणा.

आप्पा, म्हणजे माझे वडील, हुपरीच्या एका हायस्कुलात शिपाई होते. गावात घरोघरी चांदीचं काम. माझी आई पैंजणाच्या कड्या जुळवायची, शेजारीण घुंगरं भरायची, आणि आप्पा शाळेची घंटा द्यायचे. पण वर्षातून तीन दिवस आप्पांसारखा माणूस गावात नसायचा. सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट. झेंडा बांधायचा तो आप्पांनीच.

आदल्या दिवशी ते झेंडा हाताने धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने इस्त्री करायचे. शाळेत विजेची इस्त्री आली तरी तांब्याच. सकाळी अंघोळ करून, चपला लांब काढून खांबापाशी बसायचे. घडी घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या, गुंडाळी करायची आणि दोरीची एकच सुरगाठ मारून ती वर चढवायची. हेडमास्तरांनी दोरी ओढली की एका हिसक्यात झेंडा उघडणार आणि पाकळ्यांचा पाऊस. सगळी शाळा वर बघायची, आप्पा खाली बघायचे. म्हणायचे, "गाठ अशी पाहिजे, धरली तर सुटू न्हाय आन् सोडली तर अडू न्हाय."

आसपासच्या शाळांत फजिती व्हायची. कुठं गाठ अडकायची, हेडमास्तर हिसके देऊन घामाघूम. कुठं झेंडा उलटाच फडकायचा. गुंडाळी केल्यावर आतलं काही दिसत नाही, म्हणून होतं तसं. आप्पांच्या हातून तीस-बत्तीस वर्षांत एकदाही नाही. त्याचं एक साधं गुपित होतं. झेंड्याच्या कडेत दोरी शिवलेली असते. तिच्या केशरी टोकाला बोटाएवढी लाकडी गुल्ली असते, हिरव्या टोकाला नुसता फास. गुल्ली म्हणजे वर. डोळे मिटून हात फिरवला तरी कळतं. आप्पा गुंडाळी वर चढवण्याआधी शेवटचा एकदा त्या गुल्लीवर अंगठा फिरवायचे. देवाला हात लावल्यासारखा.

आई गेल्यावर मी त्यांना कोल्हापूरला आणलं. ते काय सुखासुखी आले नाहीत. काचबिंदूने डोळे निम्मे गेले होते, हात कापायला लागला होता. अपार्टमेंटमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पांढरा पायजमा, टोपी बघून लोकांना वाटायचं वॉचमन आहे. "मामा, गेट उघडा की जरा." आप्पा उठून उघडायचे. मला असा राग यायचा! मी भांडायला जायचे, तर म्हणायचे, "असू दे गं. गेट उघडल्यानं हात झडत न्हाय."

मग एका सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या झेंड्याची गाठ अडकली. चेअरमन दोरी ओढून ओढून दमले. आप्पा पुढं झाले, झेंडा खाली घेतला, बांधला, वर चढवला, "आता वडा दोरी" म्हणाले. एका हिसक्यात उघडला. त्या दिवसापासून आप्पा माणसांत आले. चेअरमन स्वतः येऊन सांगायचे, "काका, झेंडा तुम्हीच बांधायचा." मामाचे काका झाले. आठवडाभर आधीपासून आप्पांची टोपी धुवायची घाई. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं हो? चार लोकांनी आपल्याला एका कामासाठी बोलवावं, एवढंच. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

आणि ते मी घालवलं.

एका पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी झेंडा धुताना ती लाकडी गुल्ली चिरफाळून निघाली. मी शिवणकामाची, मला काय अवघड? मी जुनी दोरी काढली, नवीन नायलॉनची घातली, आणि दोन्ही टोकांना सारखेच सुबक फास करून दिले. आप्पांनी हात फिरवला. परत फिरवला.

"गुल्ली कुठाय गं?"

"टाकली. तुटल्याली. दोन्हीकडं एकसारखं केलंय, बघा कसं झ्याक दिसतंय."

"मग वरचं कुठलं, खालचं कुठलं, कळायचं कसं?"

"बघून!" मी म्हटलं. "डोळं हायत की."

बोलून गेले. कुणाचे डोळे, ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा आप्पा झेंड्याची घडी घालत होते. एक गुल्ली बसवायला मला पाच मिनिटं लागली असती. पण श्रावण चालू, पुढं गौरी-गणपती, दुकानात साड्यांचा ढीग. मला पाच मिनिटं नव्हती.

सकाळी खांबापाशी बसलो. आप्पांचा हात त्या दिवशी फारच कापत होता, पाकळ्या घडीत कमी आणि बाहेर जास्त पडत होत्या. शेवटी म्हणाले, "तू बांध. मी सांगालोय तसं कर."

"बांधतो की, द्या इकडं," मी म्हटलं. (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'करतो', 'जातो'च म्हणतो. हसायचं तर हसा.) तेवढ्यात फोन वाजला. एका गिऱ्हाइकाला दुपारी साडी पाहिजे होती. फोन खांदा आणि कानात धरला, हाताने फास दोरीला अडकवले, गुंडाळी केली.

"केशरी वर हाय न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"हाय."

"नीट बघितलंस न्हवं?"

"व्हय म्हटलं न्हवं का! किती येळा इचारताय!"

मी बघितलं नव्हतं. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळं ह्या एका खोट्याचं.

आप्पांनी गुंडाळीवर अंगठा फिरवला. सवयीने. तिथं गुल्ली नव्हती. लेक 'व्हय' म्हणतेय म्हटल्यावर त्यांनी गुंडाळी वर चढवली.

सगळी जमली. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं ओळीत, मोबाईल हातात. चेअरमननी दोरी ओढली. गाठ आप्पांनी शिकवलेली, ती कशाला अडतेय? फडाक्‌दिशी झेंडा उघडला, पाकळ्या आप्पांच्या टोपीवर पडल्या, आणि त्याच क्षणी स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं.

हिरवा वर होता.

राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं असतं. तेवढा वेळ हलायचं नाही. मला दिसत होतं, चेअरमनना दिसत होतं, पोरांच्या डोळ्यांत हसू दाबलेलं दिसत होतं. फक्त आप्पांना दिसत नव्हतं. ते सावधान उभे होते, मान ताठ, आणि हसत होते. गाठ एका हिसक्यात सुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. टोपीवर पाकळ्या होत्या. त्यांच्या हिशेबी सगळं बरोबर झालं होतं. मी देवाला म्हणत होते, हे गाणं संपू देऊ नकोस. माझ्या बापाचं हे हसू असंच राहू दे.

संपलं. आणि कुणीतरी ओरडलं, "अहो, उलटा आहे झेंडा!"

"कुणी बांधला हा?" चेअरमन म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण समोर सगळी माझी गिऱ्हाइकं उभी. डोक्यात आलं, म्हाताऱ्या माणसाला माफ करतील, मला फाडून खातील. असा विचार माणूस किती पटकन करतो, नाही? अर्ध्या श्वासात. आणि तेवढ्यात आप्पा पुढं झाले. टोपी काढली. पाकळ्या खाली सांडल्या.

"म्या बांधलाय साहेब. माझं चुकलं. पदरात घ्या."

सगळ्यांना हात जोडले. ज्या दिशेला माणूस नव्हता तिकडंही जोडले. आणि मी त्यांच्यामागे उभी राहून गप्प बसले.

झेंडा उतरवून सरळ केला. चेअरमन भले गृहस्थ, म्हणाले, "असू द्या काका, वय झालं. होतं असं." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं. लोक जिलेबी घ्यायला पांगले. कोल्हापुरात पंधरा ऑगस्टला जिलेबी नाही असं घर नसतं. आमच्याकडे त्या दिवशी आली नाही, पुन्हा कधीच आली नाही.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. दुपारपर्यंत तो हुपरीला पोचला. ज्या पोरांना आप्पांनी झेंड्याला सलाम करायला शिकवलं, ती आता बापे झालीत. त्यांच्या ग्रुपवर तो फिरला. खाली हसणारी तोंडं. पुढच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीने मंडपवाल्याचा माणूस बोलावला. आप्पांना कुणी बोलावलं नाही, आणि कुणी वाईटही बोललं नाही. सकाळी त्यांनी मला फक्त खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

एकदा जेवताना मी धीर केला. "आप्पा, त्या दिवशी मी..."

"जेव," ते म्हणाले. "झेंडा माझ्यावर सोपवल्याला. बघाय मी पाहिजे हुतं."

त्यांनी मला माफ केलं की शिक्षा केली, मला आजवर कळलेलं नाही. त्यानंतर ते दिवसभर कॉटवर बसून टॉवेलच्या टोकाला सुरगाठ मारायचे, ओढून सोडायचे, परत मारायचे. बांधली की अंगठा फिरवून काहीतरी शोधायचे. मी मशीनवर बसून बघायचे. एकदाही उठून त्यांचा हात धरला नाही. दोन पावसाळे असे गेले, तिसऱ्याआधी आप्पा गेले.

रक्षाविसर्जनाला हुपरीची माणसं आली. त्यांच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी, आता चांगला चांदीचा व्यापारी, डोळे पुसत मला म्हणाला, "देवमाणूस हो. तेवढं शेवटी झेंड्याचं व्हाय नको हुतं." हीच वेळ होती. आप्पांची राख अजून ओली होती. मी म्हणाले, "च्या घ्या, गार हुतोय."

म्हणून मी झेंडे गोळा करते. कुणाला वाटतं त्याने काही फिटतं. काही फिटत नाही. कितीही उचला, पुढच्या वर्षी तेवढेच पडलेले असतात.

परवा एक बाई साडी घ्यायला आली. फळीवरची खोकी बघितली. सोबतच्या नव्या सुनेला म्हणाली, "तो उलट्या झेंड्याचा व्हिडिओ न्हाय का, तो हिच्या वडिलांचा. त्यांच्या हातनं पाप झालं, लेक बिचारी फेडत्या." सून माझ्याकडे पाणावल्या डोळ्यांनी बघायला लागली.

मी साडीची घडी घातली, पिशवीत भरली आणि म्हटलं, "पदराला पिको डबल मारलाय, उसवायचा न्हाय."

आज हे सगळं लिहिलं. पण बघा, ह्यातही मी माझं नाव घातलेलं नाही.